चष्मा क्रमांक त्र्याहत्तर ते ऐंशी

डोंबिवलीत मी शास्त्रज्ञ आहे. दक्षिणेतल्या ज्या शहरात, ज्या अवकाश संस्थेत मी पंचवीस वर्षं नोकरी करते, तिथे मला कुणी चुकूनही शास्त्रज्ञ म्हणत नाही. तिथे मी तपासणी विभागात आहे. उपग्रहात जाणाऱ्या सर्किटांवरचे सोल्डरचे जोड भिंगाखाली धरायचे, एखाद्या जोडात टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला की लाल चिठ्ठी लावायची, आणि ज्याने तो जोड केला त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, एवढंच माझं शास्त्र. पण दिवाळीला घरी आले की बाबांनी आधीच सोसायटीभर सांगून ठेवलेलं असतं, "मुलगी येतेय. ती अवकाशात काम करते."

"बाबा, अवकाशात नाही. अवकाश संस्थेत."

"तेच ते," बाबा म्हणतात.

"तेच ते" ह्या दोन शब्दांचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. आमच्याकडे 'तेच ते' म्हणून काही नसतं. एका गावाहून आलेला स्क्रू आणि दुसऱ्या गावाहून आलेला स्क्रू दिसायला जुळे भाऊ असले तरी कागद वेगळे, म्हणून स्क्रू वेगळे.

तर सुट्टीत मी आले की कार्यक्रम ठरलेले असतात. एखादी शाळा, एखादा ज्येष्ठ नागरिक संघ, शाल, श्रीफळ आणि माझ्या नावामागे लागलेला 'डॉक्टर', जी मी नाही. प्रश्नही ठरलेले. यानात आंघोळ कशी करतात, पुढचं यान कधी, माझ्या मुलाला तिथे चिकटवता येईल का. एकदा एका आजींनी माझा हात धरून अगदी हळू विचारलं होतं, "नातीच्या पत्रिकेत मंगळ आहे गं. तुमचं यान तिकडे जाऊन आलं, काही फरक पडेल का?" मी म्हटलं, नाही पडणार. त्यांचा चेहरा इतका उतरला की पुढचे दोन दिवस मला चैन पडलं नाही.

चैन मला एरवीही पडत नाही. बाबा म्हणतात, माझ्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी नोकरीने दिली. उड्डाणाच्या दिवशी टीव्हीवर जी माणसं टाळ्या वाजवताना दिसतात, त्यांच्या मागे, कॅमेऱ्याबाहेर, आम्ही तपासणीवाले असतो. आमच्या हातात तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. डोक्यात मात्र आपण पास केलेला प्रत्येक जोड एकेक करून उगवत असतो. तो तिसऱ्या ओळीतला नीट बघितला होता ना? की त्याच वेळी चहा आला होता? आम्ही टाळ्या सगळ्यांच्या शेवटी वाजवतो, तेही बळेच.

आमचा आणखी एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नापास झालेला भाग तसाच्या तसा कचऱ्यात टाकायचा नाही. साक्षीदारासमोर आधी त्याचे दोन तुकडे करायचे, तुकडे मोजायचे, मग टाकायचे. कारण चांगला दिसणारा नापास भाग कुणीतरी, कधीतरी, गरज पडली म्हणून उचलतोच.

त्या वर्षी ग्रहण ऐन दिवाळीत आलं होतं. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण, पाडवा एक दिवस पुढे. आमच्याकडून ते अर्धवटच दिसणार होतं आणि सूर्य ग्रहणातच मावळणार होता. घराजवळच्या वाचनालयाने रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मी बोलणार, आणि नंतर मुलांना ग्रहण बघायचे चष्मे फुकट वाटायचे. फिल्म मी माझ्या शहरातून आणली होती, कागदपत्रं असलेली, स्वतः तपासून. तीन शीट. एका शीटमधून चोवीस चष्मे, म्हणजे बहात्तर. ते बनवायचं काम अर्थात बाबांचं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजूनही किराण्याची यादी ते अशी लिहितात की फ्रेम करून भिंतीला लावावी. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून फराळ विकतचा आणि आकाशकंदील बाबांच्या हातचा. त्यांनी पुठ्ठे कापले, फिल्म बसवली, आणि माझ्या हट्टापायी प्रत्येक चष्म्याच्या दांडीवर क्रमांक घातला. वाटताना रजिस्टर ठेवायचं, क्रमांक, नाव, राहण्याचा भाग, फोन, हाही माझाच हट्ट. रांगेतला एक जण म्हणालाही, "मॅडम, चष्मा देताय की रेशनकार्ड?" सगळे हसले. मीही हसले, पण रजिस्टर भरायला लावलं. रांगेच्या शेवटी मला लोकांनी घेरलं, तेव्हा टेबलावर बाबा एकटे होते.

सोमवार लक्ष्मीपूजनात गेला. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी सहज रजिस्टर उघडलं. सहज म्हणजे काय, मला बसवत नाही म्हणून. शेवटची नोंद बाबांच्या अक्षरात होती. क्रमांक ऐंशी.

मी पुन्हा मोजलं. तीन चोवीस बहात्तर. तीन चोवीस ऐंशी होत नाहीत.

बाबा खिडकीत पेपर वाचत होते. मी विचारलं, "बाबा, त्र्याहत्तर ते ऐंशी कुठून आले?"

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "अगं, मला आदल्या दिवशीच वाटलं होतं कमी पडतील म्हणून. आठ जास्तीचे करून ठेवले होते. बरं झालं की नाही? आठ पोरं रिकाम्या हाताने गेली असती."

"फिल्म कुठली?"

पेपराचं पान उलटलं. मग बाबा म्हणाले, "एक्स-रे. डबल लावलाय. आम्ही आमच्या वेळची ग्रहणं तसंच बघितली."

बाबांच्या वेळच्या काळ्याकुट्ट फिल्मनेसुद्धा बघायला नको होतं, पण निदान ती काळी तरी होती. आताचे एक्स-रे मशीनमधून छापून येतात, निळसर, पारदर्शक. डोळा दिपत नाही, म्हणून मूल आरामात बघत राहतं, आणि जो जाळ दिसत नाही तो आत शिरत राहतो. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. जे जळतं ते परत येत नाही.

"कुणाचे एक्स-रे? कधीचे?"

"घरात पडून होते."

घरात बाबांच्या गुडघ्यांचे पाच-सहा तरी एक्स-रे होते. मी पुढे विचारलंच नाही. मी जे बोलले ते मात्र मला अक्षर न् अक्षर आठवतं. "आमच्याकडे कुणी असं केलं असतं ना, तर त्याला दुसऱ्या दिवशी दारातून आत घेतलं नसतं. मला विचारलं का नाहीत?"

"तू नापास केले असतेस," बाबा म्हणाले.

मी फोन लावायला बसले. आठपैकी पाच जणांनी उचलला, दोघांचा लागेना, आणि ऐंशी क्रमांकापुढे लिहिलेला नंबर नऊच आकडी होता. सोसायटीच्या ग्रुपवर, वाचनालयाच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला. खाली पाच मिनिटांत अकरा हात जोडलेली चित्रं, चार "शुभ दीपावली मॅडम" आणि ग्रहणात भाजी चिरू नये असं सांगणारा एक लांबलचक मजकूर आला. माझा मेसेज त्यात केव्हाच वर निघून गेला. ज्यांनी फोन उचलले त्यांनी "हो हो, नाही बघणार" म्हटलं. पण ऐकलेलं म्हणजे तपासलेलं नव्हे. ग्रहण पाच वाजायच्या थोडं आधी लागणार होतं. मी कात्री पर्समध्ये टाकली, माझ्यासाठी आणि बाबांसाठी ठेवलेले एक आणि दोन क्रमांकाचे चांगले चष्मे घेतले आणि चपला घालायला लागले. बाबाही उठले.

"तुम्ही कशाला? गुडघे दुखतील."

"रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "आणि तुला साक्षीदार लागेल."

पहिले दोन चष्मे शेजारच्या गल्लीतल्या दोन बहिणींचे. त्यांच्या आजीने दार उघडलं. पहाटेपासून वेध लागलेले, घरात कुणी काही खाल्लेलं नव्हतं, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं. मी चष्मे मागितले तर आजी म्हणाल्या, "ते होय? देवघरात ठेवलेत. शास्त्रज्ञबाईंनी दिले म्हणून कुंकू लावलं. आम्ही बघणार नाही हो ग्रहण, आमच्यात बघत नाहीत." सुंठीवाचून खोकला गेला होता, पण मला तेवढ्यावर थांबता येईना. मी एक चष्मा त्यांच्या ट्यूबलाइटकडे धरला. चांगल्या चष्म्यातून ट्यूबलाइट अजिबात दिसता कामा नये, सूर्याशिवाय काहीच दिसता कामा नये. इथे अख्खी ट्यूब दिसली, दांडीसकट. नापास. दुसराही तसाच. मी कात्री काढली आणि दोन डोळ्यांच्या मधोमध कापले. पोरी आ वासून बघत होत्या. तुकडे मी एका पिशवीत टाकले. बाबा जिन्यात माझ्या मागेच उभे होते.

पंच्याहत्तर क्रमांक मुलाचा नव्हता. नातवाच्या नावाने एका निवृत्त आजोबांनी तो नेला होता. घर फडके रोडच्या मागच्या बाजूला; फोन त्यांच्या मुलाने बाहेरून उचलला होता, निरोप घरी पोचलाच नव्हता. दिवाळीच्या गर्दीत रिक्षा आत जाईना, आम्ही चालत गेलो. आजोबा गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते आणि चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

"एकदम झकास आहे हो," ते मला म्हणाले. "रोज सकाळी एकदा बघतो, सूर्य जागेवर आहे का ते."

"रोज? किती वेळ?"

"असेल मिनिटभर. काल, आज. आज जरा जास्त. का?"

का ते सांगताना माझा आवाज चढला. त्यांच्या सुनेने आतून येऊन विचारलं, काय झालं. मी आजोबांना एकेक डोळा झाकायला लावून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगितले. डाव्या डोळ्याने त्यांनी सगळे वाचले. उजव्याने मधला एक आकडा चुकला. तो चष्म्यामुळे चुकला की वयामुळे, ते मला कळायला मार्ग नव्हता. सून लगेच ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावायला गेली. मी चष्मा उजेडाला धरला, उजेड दिसला, कापला. कात्री वाकडी गेली.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "त्यांचा डोळा गेला तर?"

"तर गेला," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यांना बरं वाटू द्यायचंच नव्हतं.

पुढचा स्टेशनच्या पलीकडे, डोंबिवली पश्चिमेला. तो पटकन मिळाला. मग ठाणे. दिवाळीची सुट्टी असल्यामुळे गाडीत बसायला जागा होती. बाबा खिडकीशी बसले आणि मी पूर्ण वेळ उभी राहिले. समोरच्या बाईंनी दोनदा बसायला सांगितलं. बसले असते तर ओरडले असते.

माजिवड्याच्या घोडबंदरकडच्या टोकाला एका उंच इमारतीत, बाविसाव्या मजल्यावर, सत्त्याहत्तर क्रमांक राहत होता. गृहस्थ शिकलेले, चांगल्या हुद्द्यावर, रविवारी बहिणीकडे डोंबिवलीत आले होते. मुलगी सोफ्यावर टॅब घेऊन बसली होती. त्यांनी चहा विचारला. मी म्हटलं, चष्मा.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका. आम्ही लहानपणी एक्स-रेनेच बघितलं. काय झालं? आय एम फाइन."

"तुम्ही किती वेळ बघितलंत ते तुम्हाला आठवतंय?"

"अरे, मॅडम, इट्स अ कॅलक्युलेटेड रिस्क."

कॅलक्युलेटेड म्हणे! मी हिशोब विचारला असता तर तोंडचं पाणी पळालं असतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी मुलीला बोलावलं आणि विचारलं, "ह्यातून तो दिवा दिसतो का बघ बरं." "हो, क्लिअर दिसतो," ती म्हणाली. मग माझा एक क्रमांकाचा चष्मा तिच्या डोळ्याला लावला. "आता?" "काहीच नाही. ब्लॅक." ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं राँग आहे." वडील हसले, जरा कसंनुसं. मी त्यांच्यासमोर चष्मा कापला आणि मुलीला पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून भिंतीवर सूर्य कसा पाडायचा ते दाखवलं. लिफ्टमध्ये बाबांनी पिशवी माझ्या हातातून आपल्याकडे घेतली. मी म्हटलं, राहू द्या, मोजायचे आहेत. ते म्हणाले, मी मोजतो. दहा झाले.

कल्याणला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तिथे दोन होते, दोन्ही घाऊक बाजारामागच्या एका चाळीत, एकमेकींच्या मैत्रिणी. फोन न लागलेल्या त्याच दोघी. एकीच्या दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, "तिची आई ना, दोघी पोरींना घेऊन दुर्गाडीला गेली, खाडीवरून मस्त दिसेल म्हणून." बाजारातून दुर्गाडीपर्यंतची ती रिक्षा मी कधी विसरणार नाही. मी रिक्षावाल्याला इतक्यांदा "जरा लवकर" म्हटलं की तो म्हणाला, "ताई, उडवू काय?" दोघी मुली किल्ल्याच्या चढावर चष्मे डोळ्याला लावूनच उभ्या होत्या, पण नशिबाने पुलाकडे तोंड करून, सरावासाठी. मी धावत जाऊन ते काढून घेतले. बरोबर आलेल्या आईने मला आधी चांगलंच झापलं. ओळख पटल्यावर हात जोडले. दोघींत मिळून मी दोन क्रमांकाचा चांगला चष्मा दिला. उजेडाला धरलं, कापलं, कापलं. चौदा तुकडे. बाबा चढाखाली रिक्षात बसून होते. गुडघे खरंच दुखत असणार. मी पिशवीत तुकडे टाकले तेव्हा त्यांनी पिशवीचं तोंड धरलं आणि नंतर तिला गाठ मारली, पुन्हा सोडली.

ऐंशी क्रमांकाला नाव होतं, नऊ आकडी फोन होता आणि भाग लिहिला होता, 'शहाड, स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीवर'. शहाडला स्टेशनजवळ तीन गिरण्या निघाल्या. पहिलीवर कुणी राहत नव्हतं. दुसरीवर एक क्लास होता, बंद. रस्त्यावर माणसं कमी झाली होती, दुकानांची शटरं अर्धी खाली. ऊन पिवळं पडायला लागलं होतं. मी बाबांना म्हटलं, "दहावा आकडा का नाही घेतलात?" ते म्हणाले, "पोरगी सांगत होती, मी लिहीत होतो. शेवटचा राहिला असेल." मी तिसऱ्या गिरणीच्या दिशेने चालायला लागले. गप्प राहणं किती जोरात करता येतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या गिरणीवर ती होती. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, गच्चीच्या कठड्याशी. आम्ही वर पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं असतील. चष्मा तिच्या हातात होता. मी श्वास घ्यायच्या आधीच विचारलं, "बघितलंस सूर्याकडे?"

"नाय," ती म्हणाली. "चष्मा देणारे आजोबा म्हणाले ना, ग्रहण लागल्यावरच बघ. आता लागेल." मग तिने चष्मा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "पण मावशी, ह्याच्या आत काड्या आहेत. पिंजऱ्यासारख्या. आणि हिकडे अक्षरं पण आहेत, बघ ना."

मी उजेडाला धरला. दिवसभरात सात वेळा धरला होता तसाच. उजेड दिसला. आणि मग, तिने सांगितलं म्हणून, मी उजेडाच्या अलीकडे बघितलं. गुडघा नव्हता. बरगड्या होत्या, तीन, एकाखाली एक, आणि त्यांच्यामध्ये कापसासारखं पांढुरकं काहीतरी, जे मी नऊ वर्षांपूर्वी हॉस्पिटलमधल्या दिव्याच्या पाटीवर अनेकदा बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी डॉक्टर त्यावर पेन टेकवत होते. कडेला आमच्या आडनावाची शेवटची तीन अक्षरं होती. त्यापुढे वय, एकसष्ट.

मी पर्समध्ये हात घातला आणि तो तिथेच राहिला.

बाबा जिना चढून धापा टाकत कठड्याशी आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. "काय झालं? सात कापलेस ना? मग आता काय?"

"बाबा..."

"दे इकडे." त्यांनी माझ्या पर्समधून कात्री काढून घेतली, चष्मा घेतला, दोन डोळ्यांच्या मधोमध एका दमात कापला आणि मुलीला म्हणाले, "बेटा, हा चुकीचा होता. माझी चूक होती. ह्या मावशीचा घे, तो बरोबर आहे." मग तुकडे पिशवीत टाकले. "सोळा," ते मला म्हणाले.

चष्मा एकच उरला होता, म्हणून आम्ही तिघांनी पाळीपाळीने बघितलं. मुलगी आधी. "चावलाय कुणीतरी!" ती ओरडली, आणि खाली गिरणीच्या मालकिणीला हाका मारायला लागली. ती बाई वर यायला तयार नव्हती. खालूनच म्हणाली, तू बघ आणि मला सांग. मग पोरगी मोठ्याने सांगत राहिली, आता एवढा राहिला, आता अजून खाल्ला. बाबांनी खूप वेळ बघितलं. माझ्या पाळीला सूर्य खाली नदीकडच्या धुरकटात उतरला होता, वरून कुरतडलेल्या भाकरीसारखा. इतकी वर्षं त्या धंद्यात असून मी पहिल्यांदाच ग्रहण बघत होते आणि मला ते नीट दिसत नव्हतं, कारण डोळे भरले होते आणि चष्म्याच्या आत पुसता येत नाही. ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळला. मुलगी म्हणाली, "संपलं?" मी म्हटलं, "नाही, चालू आहे. आपल्याला दिसणार नाही, एवढंच."

डोंबिवलीच्या आजोबांच्या सुनेचा फोन जिन्यात आला. डॉक्टरांनी डोळा तपासला होता. पडद्यावर डाग वगैरे काही नव्हता, आठवड्याने पुन्हा दाखवा म्हणाले होते. पुढे आठवड्यानेही ठीकच निघालं. मधला आकडा वयाचा होता. फोन ठेवून मी बाबांना सांगितलं तेव्हा ते गिरणीच्या पायरीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मी त्यांच्या शेजारी बसले. दिवसभरातली पहिली निवांत बैठक. पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"सकाळीच का नाही सांगितलंत," मी विचारलं, "आईचे आहेत म्हणून?"

"सकाळी तू चिडली होतीस." ते थांबले. "नऊ वर्षं कपाटावर पाकीट होतं. कधी उघडलं नाही. त्या दिवशी फिल्म कमी पडणार असं दिसलं, म्हटलं, ठेवून काय करणार? पोरं त्यातून काहीतरी चांगलं बघतील. तेवढंच." मग पिशवीची गाठ चाचपत म्हणाले, "आणि नंतर काय सांगायचं होतं? त्या आजींच्या घरी तू पहिलाच चष्मा उजेडाला धरलास. तुझी नजर मला माहीत आहे. टाचणीएवढा खड्डा सुटत नाही तुझ्या हातून. म्हटलं, ओळखलं हिने. ओळखलं आणि तरी कापला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रिक्षात बसल्यावर म्हटलं, बरोबर आहे तिचं. आईची असली म्हणून काय झालं, नापास ती नापास. दुसऱ्या कुणाला नसतं जमलं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला दिसलंच नव्हतं, सातही वेळा मी फक्त दिवा बघत होते, हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.